चिनी पद्धतीचं गार वांगं: पाणी सुटतं, काळं पडतं, काय करू?

ओसरी
नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही दोन वर्षं सूचौला होतो. शांघायहून वेगवान रेल्वेनं अर्धा तास. घरकामाला ज्या मावशी यायच्या त्यांना तिकडे 'आयी' म्हणतात, त्यामुळे माझा मुलगा पहिले चार दिवस विचारात होता की आपल्याला अचानक दोन आया कशा झाल्या.

तर या आयी उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी एक गार वांगं करायच्या. ल्यांगपान छिएत्स. ल्यांगपान म्हणजे गार कालवलेलं, छिएत्स म्हणजे वांगं. (त्या स्वतः मात्र वांग्याला तिकडच्या बोलीत 'लोसू' म्हणायच्या.) लांबट जांभळी वांगी वाफवायची, निवली की हातानं उभी उभी फाडायची, वर ठेचलेला लसूण, सोया सॉस, काळं व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि तिळाचं तेल. संपलं. तिकडच्या दमट उकाड्यात घाम पुसत जेवायला बसलं आणि समोर ही ताटली आली की भूक लागायची.

पुण्यात परत आल्यापासून तीनदा केलं, तिन्ही वेळा फसलं. वांग्याचा लगदा होतो, ताटलीत पाणी साचतं, रंग पावसाळी डबक्यासारखा. चवही नुसती खारट. आयींशी आता संपर्क नाही, आणि असता तरी माझं चिनी 'किती पैसे' आणि 'तिखट नको' इतकंच आहे. कुणी करतं का? नेमकं कुठे चुकत असेल?

उचापती
तिन्ही वेळा भरीत झालं म्हणा आणि भाकरीशी खा. फसलं कुठे?

घडवंची
परवा कांदेनवमी आहे आणि तुम्ही लसूण घातलेल्या वांग्याचा धागा काढताय! आता थेट चंपाषष्ठीपर्यंत आमच्यासारखे लोक नुसते वाचणार आणि उसासे टाकणार.

उचापती
म्हणजे दोन दिवसांत उत्तर शोधायचं. मंडळी, घाई करा.

मोदकपात्र
ओसरीताई, वांगं कसं वाफवता ते लिहिलं नाहीत. कुकरमध्ये शिट्टी लावून करत असाल तर लगदा होणारच. वांग्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. आत सगळा स्पंज. शिट्टीच्या दाबात तो कोसळतो आणि सगळं पाणी बाहेर.

मी असं करते. मोदकपात्रात पाणी आधी खळखळून उकळू द्यायचं. वांग्यांचे बोटभर लांबीचे तुकडे, प्रत्येकाच्या उभ्या चार फाका. चाळणीवर एकाच थरात मांडायच्या, ढीग करायचा नाही. झाकण ठेवून मोठ्या आचेवर आठ ते दहा मिनिटं. सुरीचं टोक सहज गेलं पाहिजे, पण फाक उचलली तर मोडता कामा नये. मग लगेच काढून तिरक्या ताटात पसरायच्या. पाणी एका कडेला गोळा होतं, ते टाकून द्यायचं. खरी मेख इथे आहे. पंधरा-वीस मिनिटं निथळू दिल्याशिवाय सॉस घालायचा नाही. लोक गरम वांग्यावरच सगळं ओततात आणि मग म्हणतात पाणी सुटलं.

ओसरी
मोदकपात्र, अगदी बरोबर पकडलंत. कुकर, एक शिट्टी. आणि गरमच कालवलं. लाज वाटली.

विळी
रंगाचं सांगते. वांगं दोन वेगळ्या कारणांनी काळवंडतं, ती मिसळू नका.

एक म्हणजे आतला गर. चिरल्यावर हवा लागली की तो तपकिरी होतो, सफरचंदासारखाच. म्हणून आपण मिठाच्या पाण्यात टाकतो. लोखंडी विळी असेल तर आणखी काळा पडतो, कारण वांग्यातली तुरट द्रव्यं लोखंडाशी लागतात. हे चिनी लोकांना फार आधीपासून माहीत आहे. सहाव्या शतकात च्या सशिए नावाच्या अधिकाऱ्यानं शेतीवर 'छीमिन याओशू' म्हणून मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वांग्याची कृती आहे. बी न धरलेली कोवळी वांगी घ्या, बांबूच्या किंवा हाडाच्या सुरीनं चार फाका करा, लोखंडानं काळी पडतात, आणि मग उकळत्या पाण्यातून काढून उग्र वास घालवा. माझी आजी वांगी चिरायला लोखंडी विळी घेऊ द्यायची नाही, 'भाजी काळी होते' म्हणून. तिनं हा ग्रंथ वाचला नव्हता हे नक्की.

दुसरं म्हणजे साल. सालीतला जांभळा रंग पाण्यात विरघळतो आणि आंबट-अल्कधर्मी पाहून पालटतो. आंबटात लालसर जांभळा टिकतो, नाहीतर निळसर करडा होतो. म्हणून वाफवण्याआधी सालीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबू चोळायचं, वर तेलाचा हात फिरवायचा. आणि कमी वेळ, जोराची वाफ. मंद आचेवर अर्धा तास ठेवलंत तर काहीही चोळा, डबकंच.

कडवट कॉफी
सालीची बाजू खाली की वर?

विळी
मी खाली ठेवते.

मोदकपात्र
मी वर. मला तरी फरक दिसला नाही.

विळी
फरक दिसतो हो, पण मोदकपात्रात झाकण ठेवून कसा दिसणार.

जळगावी बडगी
उचापती, 'भरीत म्हणा आणि खा' हे वाचून जेवण गेलं नाही. भरीत म्हणजे काय ते आधी समजून घ्या. आमच्याकडची हिरवट पांढरी, बाळाच्या डोक्याएवढी वांगी, ज्यांना भौगोलिक मानांकन आहे. ती शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याची भाकरी. धूर नाही तर भरीत नाही. वाफवलेल्या वांग्याला भरीत म्हणणं म्हणजे उकडलेल्या बटाट्याला वडा म्हणणं.

उचापती
माफी असावी सरकार. मग हे काय? कोशिंबीर?

जळगावी बडगी
ते चिनी लोकांनी ठरवावं. आमचं नाव घेऊ नका एवढंच.

पायरी
कोशिंबीर म्हणायला माझी हरकत नाही, पण एक गंमत. चिनी जेवणात 'ल्यांगछाय' म्हणजे गार पदार्थांचा वेगळाच मान असतो. ते आधी येतात, मग गरम. ठेचलेली काकडी, दाणे, समुद्री शेवाळ आणि हे वांगं. पण भाज्या बहुतेक उकळत्या पाण्यातून काढलेल्या नाहीतर वाफवलेल्या. गार म्हणजे कच्चं नव्हे. आपण सॅलड म्हटलं की कच्चा कोबी डोळ्यांसमोर येतो. त्यापेक्षा आपलं दह्यातलं भरीत किंवा भोपळ्याचं रायतं जवळचं: आधी शिजवायचं, निववायचं, मग कालवायचं. काकडीला मात्र सुरी लावायची नाही, सुऱ्याच्या पात्यानं फटका मारून फोडायची, म्हणजे खडबडीत कडांना सॉस धरतो. वांगं हातानं फाडतात ते त्याच कारणानं असावं.

ओसरी
हो हो! आयी सुरी घेऊच द्यायच्या नाहीत. मी एकदा सुरीनं कापलं तर त्यांनी ताटली माझ्या हातातून काढून घेतली.

डॉक्टर छांगशा
मी हुनानमध्ये छांगशाला एमबीबीएस केलं. सहा वर्षांत वांग्याचे इतके प्रकार खाल्ले की परत आल्यावर आईनं भरली वांगी केली तेव्हा मी आधी शोधलं की व्हिनेगर कुठे आहे.

जळगावी बडगी, बसून वाचा. हुनानमध्ये हिरव्या मिरच्या कढईत कोरड्याच काळे डाग पडेपर्यंत भाजतात. वांगं वाफवतात. मग दोन्ही एका मातीच्या खरखरीत कुंडीत घालून लाकडी दांड्यानं ठेचतात. लसूण, मीठ, थोडा सोया सॉस. बऱ्याचदा त्यात अख्खं 'फीदान' टाकतात, म्हणजे चुना-राखेत मुरवलेलं काळं अंडं, आणि तेही ठेचतात. हॉटेलात ती कुंडी तशीच टेबलावर येते, वेटर तुमच्या समोर ठेचून देतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. माझं आजोळ जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचं.

जळगावी बडगी
काळं अंडं सोडून बाकी सगळं मान्य. डॉक्टर, कुंडीत ठेचतात? लाकडानं? मिरच्या भाजून?

डॉक्टर छांगशा
होय. दाणे नाहीत आणि वांगं भाजत नाहीत, एवढाच फरक.

जळगावी बडगी
एवढाच नाही, तोच फरक आहे. पण ठीक. नातेवाईक आहेत म्हणू. दूरचे.

अर्धा कप
मूळ प्रश्नातलं 'नुसतं खारट' राहिलं. तुम्ही सोया सॉस कुठला वापरता? आपल्या वाण्याकडे मिळतो तो बहुधा डार्क. तो रंगासाठी असतो, घट्ट, कॅरॅमलची झाक असलेला. नूडल्सना तपकिरी करायला बरा. ल्यांगपानला लागतो तो पातळ, फिका 'लाइट' सोया. 'लाइट' म्हणजे मीठ कमी असं नव्हे, उलट जास्तच खारट असतो, फक्त रंगानं फिका. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत मिळतो.

काळं व्हिनेगर नसेल तर मात्र पंचाईत. जांग्सू प्रांतातल्या चनच्यांगचं व्हिनेगर चिकट तांदळापासून करतात, त्याला एक मॉल्टसारखा, किंचित गोडसर, धुरकट वास असतो. आपलं पांढरं व्हिनेगर नुसतं आंबट, ते घातलं की लोणच्याची बरणी उघडल्यासारखं वाटतं. मी मॉल्ट व्हिनेगर तीन भाग आणि बाल्सामिक एक भाग करून काम भागवतो. चनच्यांगच्या माणसानं पाहिलं तर मारेल, पण मारेपर्यंत चव बरी लागते.

अर्धा किलो वांग्यांना माझं प्रमाण: दोन मोठे चमचे लाइट सोया, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, पाच-सहा पाकळ्या लसूण, एक छोटा चमचा तिळाचं तेल. आधी चाखा, मग मीठ. बहुतेक लागत नाही.

घडवंची
तिळाचं तेल म्हणजे देवाजवळच्या बाटलीतलं चालेल का?

अर्धा कप
नाही!! चिनी तेल भाजलेल्या तिळांचं, गडद तपकिरी, नुसतं झाकण उघडलं तरी वास येतो. ते शिजवायला नसतं, शेवटी थेंबभर घालायचं असतं. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं. मी एकदा देव्हाऱ्यातलंच घातलं होतं. जेवताना सगळ्यांना वाटलं आरती राहिली.

सासरेबुवा
एवढं आणायचं कशाला? लिंबू पिळा, फोडणी द्या, कोथिंबीर भुरभुरवा. वांगं ते वांगं.

उचापती
सासरेबुवा, तुम्ही या धाग्याचा निकालच लावलात.

तिरफळ
फोडणीवरून. सासरेबुवा गमतीनं बोलले असतील, पण चिनी लोकही फोडणी देतात, फक्त उलटी. मिरचीपूड, लसूण, तीळ वाटीत ठेवायचे आणि वरून कडकडीत तेल ओतायचं. चर्र आवाज, घरभर खमंग वास. आपण चटणीवर कडकडीत तेल ओततो तसंच. लसूण त्यानं अर्धवट शिजतो आणि त्याचा भडकपणा जातो. ज्यांना कच्चा लसूण सोसत नाही त्यांनी हेच करावं.

आणि आता माझ्या नावाला जागते. सछ्वानचे लोक त्या तेलात 'ह्वाच्याओ' घालतात, जीभ बधिर करणारे लालसर दाणे. ते आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले, अगदी सख्खे चुलत. दोन्हींतलं काळं बी टाकून द्यायचं आणि टरफल वापरायचं. आम्ही मालवणात बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतो, तेव्हा ओठ तसेच झिणझिणतात. वास वेगळा, तिरफळाचा जास्त रानटी, लिंबाच्या पाल्यासारखा. मी ह्वाच्याओऐवजी चार तिरफळं तेलात तळून काढून टाकते आणि ते तेल वांग्यावर ओतते. सछ्वानचं होत नाही, पण मालवणचंही राहत नाही. मला आवडतं.

डॉक्टर छांगशा
तिरफळ, हे करून बघणार. वसतिगृहात माझ्या खोलीत एक कुडाळचा मुलगा होता, तो ह्वाच्याओचा वास घेऊन सुट्टीत घरी जायची तिकिटं बघायचा.

पायरी
उत्तरेकडची एक तऱ्हा राहिली. पेइचिंगकडे वांग्यावर तिळाची पेस्ट, भाजलेल्या तिळांची, दाट. आपलं तिळाचं कूट पाण्यात घोटून तेच होतं. आणि ईशान्येकडे थंडीची बेगमी म्हणून 'स्वान छिएत्स': लहान वांगी वाफवून पोटाशी चीर देतात, आत ठेचलेला लसूण, मीठ, कोथिंबीर, मिरच्या भरतात आणि बरणीत थरावर थर लावून दोन-चार दिवस मुरवतात. भरली वांगी आणि लोणचं यांचं लग्न लावल्यासारखं.

घडवंची
पायरी, तुम्ही असं लिहिता आणि परवा कांदेनवमी आहे. जरा माणुसकी?

कडवट कॉफी
मी काल रात्री अर्धा कप यांच्या प्रमाणानं सॉस करून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी लसूण हिरवानिळा झालाय! टाकू का?

पायरी
टाकू नका, विष नाही. लसणातलीच द्रव्यं आंबटात असा रंग धरतात. उत्तर चीनमध्ये तर मुद्दाम करतात. तिकडच्या बाराव्या चांद्रमासातल्या आठव्या दिवशी लसूण व्हिनेगरमध्ये घालतात, तो पाचूसारखा हिरवा झाला की नववर्षाला डंपलिंगबरोबर खातात. जितका हिरवा तितकं कौतुक. तुम्ही नकळत सण साजरा केलात.

मोदकपात्र
फक्त कच्चा लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर दिवसेंदिवस ठेवू नका, ते खरंच धोक्याचं. ताजं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा.

उचापती
कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगतो. चिनी लोक फोटो काढताना 'चीज'च्या जागी 'छिएत्स' म्हणतात. म्हणजे वांगं! म्हटलं की तोंड आपोआप हसरं होतं. आपण 'वांगं' म्हणून बघा, अख्खा ग्रुप फोटो जांभई देताना दिसेल.

ओसरी
आमच्या इमारतीखाली सगळ्या आज्या एकत्र फोटो काढायच्या तेव्हा हेच ओरडायच्या. मला आधी वाटलं होतं भाजीवाला आला.

मंडळी, आज केलं! लांबट वांगी मंडईत मिळाली, हलकी आणि कडक पाहून घेतली, बिया जवळजवळ नव्हत्या. सालीला व्हिनेगर आणि तेल, मोदकपात्र, नऊ मिनिटं. वीस मिनिटं तिरक्या ताटात निथळत ठेवलं, अर्धी वाटी पाणी निघालं. हातानं फाडलं, बोटं भाजली. लाइट सोया मिळाला, काळं व्हिनेगर मिळालं नाही, म्हणून मॉल्ट-बाल्सामिक. लसणावर गरम तेल.

रंग आयींच्या इतका नाही आला, पण डबकंही नव्हतं. चवीला ऐंशी टक्के. उरलेले वीस टक्के काय ते कळत नव्हतं. मुलगा म्हणाला, "आयींचं जास्त गार असायचं." खरंच, त्या सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि आम्ही दुपारी खायचो. उरलेलं आत ठेवलंय.

मोदकपात्र
रात्री खाल्लं का?

ओसरी
नाही. चार वाजता उभ्या उभ्या संपवलं.

सासरेबुवा
लिंबू पिळलं होतं का?

घडवंची
(धागा वर काढतोय.) चंपाषष्ठी झाली. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, आणि त्याच वांग्यांतली तीन बाजूला काढून मोदकपात्रात लावली होती. भरताची वांगी मोठी, बिया जास्त, त्यामुळे फाडताना फार चुरा झाला. पण पाच महिने नुसता धागा वाचला होता, तेव्हा चुऱ्यालाही भाव. दोन्ही एकाच ताटात वाढलं. वडील भरीत संपवून दुसऱ्याकडे वळले, एक घास घेतला आणि विचारलं, "हे कच्चं राहिलंय की असंच असतं?" मग उरलेलं सगळं त्यांनीच खाल्लं.

जळगावी बडगी
भरताची वांगी वाफवलीत? जाऊ द्या. आमच्याकडचा हंगाम आत्ताच सुरू झालाय, पुण्यात कुणी येणार असेल तर पाठवतो. ओसरीताईंना लांबट हवीत ना, ती मात्र आमच्याकडे मागू नका.

ओसरी
पाठवा पाठवा. त्यांचं भरीतच करीन, शब्द देते. डॉक्टर, ते काळं अंडं इथे कुठे मिळतं का?